घरचा व्यवहार : जुनी गाडी बघताना



गेल्या महिन्यात पुसदहून एका भगिनीचे पत्र आले. पत्र चार पानी आहे, पण गोष्ट थोडक्यात अशी. चार वर्षांत पाच लाख रुपये साठले आहेत. कर्ज काढायचे नाही, व्याजाच्या भानगडीत पडायचे नाही, हे नवरा-बायकोचे आधीपासून ठरलेले. घरात सासूबाई, दोन मुले आणि कॉलेजला जाणारी नणंद. सासूबाईंना महिन्यातून दोनदा तपासणीसाठी यवतमाळला आणावे लागते आणि एसटीच्या पायऱ्या आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. नवऱ्याच्या मनात जुनी मारुती सियाझ भरली आहे. गाडी विकणारे त्यांच्या मामेसासऱ्यांच्या ओळखीतले. भगिनी लिहितात, "आपल्याच माणसाची गाडी खोलून कशी बघायची? विश्वास नाही असे वाटेल. आणि न बघता घेतली तर चार वर्षांची बचत एका सहीत जाईल. काय करावे?"

या पत्राला लगेच उत्तर देता आले असते. पण आम्ही स्वतः याच वळणावर एकदा अडकलो होतो आणि ती हकीकत सदरात लिहावी की नाही, यावर घरात आठवडाभर खल झाला. ज्या मामूंशी तिचा संबंध आहे ते आता आमच्याकडे पुन्हा जेवायला येतात, त्यामुळे लिहायला हरकत नाही असे ठरले.

आधी गाडीबद्दल. घरात माणसे जास्त आणि पैसा मोजका असेल तर जुनी मोठी सेडान हा सौदा वाईट नाही. आजकाल जो तो उंच गाडीच्या मागे लागला आहे, म्हणून डिकीवाल्या लांब गाड्यांचा भाव लवकर उतरतो. सात सीटच्या जुन्या गाड्यांना मात्र मागणी टिकून असते आणि त्यातल्या कितीतरी भाड्याने पळालेल्या असतात. सियाझ २०१४ साली आली, जवळपास साडेचार मीटर लांब, डिकी ५१० लिटरची. मागच्या सीटवर पाय लांब करून बसता येते. २०२५ मध्ये कंपनीने ती बंद केली, पण तिचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन स्विफ्ट आणि डिझायरच्या डिझेल इंजिनाच्याच कुळातले. त्यामुळे दिग्रस-दारव्ह्याच्या मिस्त्रीचाही त्यावर हात बसलेला असतो. याच पैशात कोणी जुनी सुपर्ब किंवा कॅमरी दाखवील. बसायला ती राजेशाही, यात वाद नाही. पण एखादा सुटा भाग गेला की तो नागपूरहून येईपर्यंत गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहते, आणि त्या भागाच्या किमतीत आपल्याकडे एखादी मोटरसायकल येते. पाच लाखांची गाडी पाच लाखांच्या गाडीसारखीच सांभाळता आली पाहिजे. मूळ किमतीचा रुबाब सोबत येतो तसा मूळ किमतीचा खर्चही येतो.

आता आमची हकीकत. २०२४ चा जानेवारी महिना. आम्हीही सियाझच शोधत होतो. मामूंच्या ओळखीच्या एका गाडी-विक्रेत्याकडे नागपूर पासिंगची, एमएच ४९ नंबरची, २०१७ ची डिझेल गाडी उभी होती. पांढरी, चकचकीत, मीटरवर ६२ हजार. अशाच गाडीला बाकी ठिकाणी सहा लाखांच्या आसपास सांगत होते, हा पाच लाख दहा हजारांत द्यायला तयार. "सिंगल हँड आहे, डॉक्टरची गाडी." (जुन्या गाडीच्या बाजारात इतके डॉक्टर कुठून येतात, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.) मामूंनी शब्द टाकला होता. आम्ही फेरी मारली, एसी गार लागला, मुलांनी मागच्या सीटवर उड्या मारल्या, आणि तिथल्या तिथे अकरा हजार बयाणा देऊन मोकळे झालो. पावती मागायची लाज वाटली. मामू शेजारीच उभे होते.

दुसऱ्या दिवशी केवळ रीत म्हणून आमच्या जुन्या मिस्त्रींना घेऊन गेलो. वाटले होते की ते बॉनेट उघडतील, इंजिन चालू करायला सांगतील. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेच नाही. मागचे दार उघडले, सीटवर आडवे झाले आणि खालच्या गालिच्याला नाक लावले. मग उठून ड्रायव्हरचा सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढला. रोज जेवढा भाग बाहेर येतो तो स्वच्छ होता. त्याच्या पुढे, जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो, तिथे पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. मग डिकीतली चटई काढली, स्टेपनी उचलली. खालच्या खोलगट जागेत बोट फिरवले आणि ते आमच्यासमोर धरले. पिठासारखी बारीक, वाळलेली गाळमाती. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांचे बोल्ट गंजलेले, आणि सात वर्षांच्या गाडीत गालिचा मात्र कोरा. मिस्त्री हात पुसत विक्रेत्याला एवढेच म्हणाले, "भाई, सप्टेंबरमध्ये ही गाडी कुठे उभी होती?"

सप्टेंबर म्हणजे २०२३ चा. २२ तारखेच्या रात्रीपासून २३ च्या पहाटेपर्यंत नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. तळमजल्यावर आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या असंख्य गाड्या त्या पाण्यात बुडाल्या. त्या गाड्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्यापैकी कोणी विचारला का? बुडालेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च फार होणार असे दिसले की विमा कंपनी ती पूर्ण नुकसानीत धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी भंगाराच्या भावात लिलावाला जाते. त्यातली प्रत्येक गाडी तुटायला जात नाही. काही धुतल्या जातात, वाळवल्या जातात, नवा गालिचा घालून शे-दोनशे किलोमीटर दूरच्या गावात विकल्या जातात. नागपूरची गाडी यवतमाळला येणे तर रोजचेच. आणि फक्त नागपूरचेच नाव का घ्यावे? त्याच वर्षी २२ जुलैला आपल्या जिल्ह्यातही पुराने हाहाकार केला होता. महागाव तालुक्यात आनंदनगरला अडकलेल्या माणसांसाठी वायुदलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली होती.

पाण्यात बसलेली गाडी लगेच बंद पडत नाही, तिचा खरा दगा हाच. आजच्या गाडीत तारांचे जाळे गालिच्याखालून गेलेले असते. जोडणीच्या चिमट्यांत ओल शिरते, सहा महिने, वर्षभर हिरवट गंज धरत राहते, आणि मग एके दिवशी भर रस्त्यात काचा खाली-वर होत नाहीत, दिवे लागत नाहीत, गाडी उभी राहते. एअरबॅगचा मेंदू बहुधा दोन सीटच्या मधल्या भागात, खालीच बसवलेला असतो. तो खराब झाला असेल तर ते अपघाताच्या क्षणीच कळणार. पाण्यात असताना कोणी इंजिन चालू करायचा प्रयत्न केला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. ते दुखणे आवाजावरून ओळखायलाही जाणता कान लागतो.

विक्रेता आधी चिडला, मग म्हणाला, मलाही ठाऊक नव्हते. कदाचित खरेच नसेल. आम्ही त्याच्यावर आळ घेत नाही, त्यानेही ती कोणाकडून तरी घेतलीच होती. पण गाडी आम्ही घेतली नाही. पावती नसल्यामुळे अकरा हजारांपैकी पाच परत मिळाले, तेही तीन चकरा मारल्यावर. खरा खर्च पुढेच झाला. मामूंना वाटले, चार लोकांत आपला शब्द खाली पडला. रमजान आला, ईद झाली, मामू आले नाहीत. अम्मींनी शिरखुर्मा पाठवला, डबा धुऊन परत आला, निरोप नाही.

म्हणून पुसदच्या भगिनींचा संकोच आम्हाला कळतो. तो खोटा नाही. पण आता आम्ही त्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली हदीस आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगापाशी थांबले, ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विकणाऱ्याने सांगितल्यावर त्यांनी विचारले की मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. यातून फसवणूक वाईट हा धडा आपण सगळेच सांगतो. आम्हाला त्या घटनेतला हातही महत्त्वाचा वाटतो. ढीग वरून कोरडा दिसत होता, तरी हात आत घातला गेला. मग सीटबेल्ट ओढून बघण्यात कसली आलीय बेअदबी?

संकोच टाळण्याची एक साधी युक्ती आहे. बयाण्याच्या आधी, पहिल्याच फोनवर सांगून टाका : "आमच्याकडे रीत आहे, गाडी मिस्त्रीला दाखवल्याशिवाय आणि कागद तपासल्याशिवाय आम्ही सख्ख्या भावाकडूनही घेत नाही." आधी सांगितलेली अट माणसाला लागत नाही. आम्ही पैसे दिल्यानंतर मिस्त्री नेला, चूक तिथे झाली.

आता प्रत्यक्ष बघण्याविषयी. भेट शक्यतो सकाळची ठरवा आणि सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर कोणीतरी आधीच चालवून ठेवली आहे, थंड इंजिनाची खोड लपवायला. इंजिन थंड असतानाच ऑइलचे झाकण उघडून आतून बघा, दुधाळ थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळते आहे. रेडिएटरचे झाकण तर गरम असताना कधीच उघडू नका. चालू केल्यावर मागे जाऊन सायलेन्सरकडे पाहा. निळसर धूर राहिला तर इंजिन ऑइल पिते. डिझेल गाडी पाय दाबल्यावर थोडा काळा धूर टाकते, पण ढगच सोडत असेल तर खर्च समोर आहे.

मीटरवर विश्वास ठेवू नका, तो मागे नेणे अर्ध्या तासाचे काम आहे. त्यापेक्षा ब्रेक आणि क्लचच्या पायपट्ट्यांचे रबर बघा, स्टिअरिंगवर अंगठे टेकतात ती जागा बघा, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. चाळीस हजारांत ती गुळगुळीत होत नाही. आणि थोडा हिशेबही करा. डिझेल गाडी घेणारा माणूस पळवण्यासाठीच घेतो. सात-आठ वर्षांत पस्तीस हजार किलोमीटरच चालली असे कोणी म्हणाले तर सर्व्हिसचे कागद मागा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावर तारीख आणि किलोमीटरची नोंद असते, मालकाला सोबत नेले तर ती बघता येते. मोठी दुरुस्ती झाली असेल तर तीही तिथेच दिसते.

टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर आपल्या उन्हात कडक झालेला असतो, चार नव्या टायरांचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का, दाराचे रबर ओढले तर खाली पत्र्यावरच्या मूळ वेल्डिंगच्या गोल खळग्या एकसारख्या दिसतात का, एवढे बघितले तरी ठोकलेली गाडी बरीचशी कळते. किरकोळ डेंटिंग-पेंटिंगला मात्र घाबरू नका. यवतमाळच्या गल्लीत सात वर्षे काढून एकही ओरखडा नसलेली गाडी आम्हाला जास्त संशयाची वाटते.

वणीकडची गाडी असेल तर एअर फिल्टर काढून बघा. कोळशाच्या ट्रकांमागे धावलेल्या गाडीचा फिल्टर आणि एसीची जाळी खरे बोलतात.

मग फेरी, आणि ही एकट्याने मारायची नाही. सेडान जमिनीलगत असते. सियाझच्या पोटाखाली १७ सेंटिमीटर जागा आहे, पण तीही रिकाम्या गाडीची. पाच माणसे आणि डिकीत सामान भरले की गावातल्या उंच गतिरोधकावर पोट घासते. म्हणून सगळे बसा, एखाद्या गतिरोधकावरून आणि थोड्या कच्च्या रस्त्यावरून न्या, मग खाली वाकून ऑइलच्या टाकीला खरचटले आहे का पाहा. चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबा. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लचप्लेट संपली. एसी दुपारी तपासा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, जानेवारीतल्या सकाळी तर सगळ्यांचेच एसी गार असतात, आमचाही होता.

आणि ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांना आधी बसवून बघा. आमच्या अम्मी पहिल्या सियाझच्या मागच्या सीटवर बसल्या तर छान, पण उठता येईना. सीट खोल, दाराची चौकट उतरती. पुढची सीट मागे सरकवून थोडी उंच केल्यावर जमले. पुसदच्या सासूबाईंचे गुडघे हाच तुमच्या खरेदीचा मुद्दा असेल तर तपासणी तिथूनच सुरू करा. त्यांना जमले नाही तर सियाझचा विचार तिथेच सोडून थोडी उंच सीटची गाडी शोधा, मग नवऱ्याने कितीही तोंड वाकडे करो.

कागदांबद्दल थोडे सविस्तर, कारण इथली चूक वर्षांनंतर उगवते. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आरसीचा तपशील बघा : मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा कुठपर्यंत. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून आरसीशी जुळवा, फोटोवरून नाही. थकलेली ई-चलाने विकणाऱ्याने भरायची. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का, तेही बघून घ्या. पांढरकवड्याच्या लोकांना आदिलाबादच्या टीएस पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथे नव्याने कर भरून नोंदणी करावी लागते, तो खर्च धरल्यावर स्वस्ताई बरीच आटते.

नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० सही करून नुसते खणात ठेवणे, ही आपल्याकडची जुनी खोड. "आपलाच माणूस आहे, करू सावकाश." २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले की गाडी तोंडी किती हातांतून गेली याला महत्त्व नाही, अपघाताची भरपाई आरसीवर ज्याचे नाव त्याच्यावर येते. म्हणजे सावकाशपणाचा धोका विकणाऱ्यालाही तेवढाच आहे. हे त्यांना समजावून सांगा, तेच घाई करतील. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत द्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याचाच राहतो, गाडीसोबत येत नाही, म्हणून विम्याचा हप्ता सांगितल्यापेक्षा वाढेल. आणि गाडी दुकानातून घेत असाल तर विचारा की आरटीओचे अधिकारपत्र आहे का. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना ते बंधनकारक आहे.

आम्ही शेवटी त्या मे महिन्यात अमरावती पासिंगची एक गाडी घेतली, तीन ओरखडे, एक बदललेले दार, मीटरवर एक लाख आठ हजार. मालकाने पहिल्याच फोनवर सांगितले होते की दार बदलले आहे आणि क्लच लवकरच लागेल. क्लच पाच महिन्यांनी लागला. आमची कसलीच तक्रार नाही.

त्याच आठवड्यात आमची जुनी गाडी विकायची होती. तिचा एसी चालू-बंद होत असे, सकाळच्या वेळी अगदी व्यवस्थित. घेणारा कळंबचा एक तरुण शिक्षक सकाळीच आला. अम्मी दारात उभ्या होत्या. आम्ही सांगितले की दुपारी एसी दम सोडतो. त्याने पंधरा हजार कमी केले. त्या दिवशी जेवताना आम्ही कोणी फारसे बोललो नाही, पंधरा हजार म्हणजे थोडे नाहीत. ही गोष्ट मामूंच्या कानावर कोणी घातली, माहीत नाही. बकरी ईदला ते आले. गाडीचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही. जाताना नव्या गाडीचे बॉनेट उघडायला लावून बराच वेळ आत बघत उभे राहिले.

तर पुसदच्या भगिनी, पाच लाख आहेत म्हणून पाच लाखांची गाडी बघू नका. साडेचारपर्यंत बघा. उरलेले टायर, बॅटरी, विमा, नावबदल आणि पहिल्या सर्व्हिसला लागतील. बयाणा देताना कोऱ्या कागदावर का होईना, रक्कम, गाडीचा नंबर आणि "मिस्त्रीने नापसंत केल्यास परत" एवढी एक ओळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला कुरआननेच सांगितले आहे, त्यामुळे मामेसासऱ्यांना राग यायचे कारण नाही. आणि जाताना सासूबाईंना घेऊन जा. नणंदेलाही न्या. आतल्या गालिच्याचा वास तरुण नाकाला लवकर कळतो.